घरातलं माणूस परत आलं नाही तर: पहिल्या रात्रीपासून काय करायचं

तालुका कोर्टाच्या फाटकासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे, १९९८ पासून. आधी मराठी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं मशीन आहे. प्रतिज्ञापत्रं, वाटणीचे कागद, सातबाऱ्याचे अर्ज हे रोजचं काम. पण वर्षातून दहा-बारा वेळा कुणीतरी येतं, खुर्चीत नीट बसत नाही, आणि म्हणतं, "ताई, एक अर्ज करायचाय. आमचं माणूस घरी आलं नाही."

त्या अर्जात काय लिहायला हवं हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये माझा थोरला भाऊ खत आणायला म्हणून घरातून गेला आणि आला नाही. तो सापडायला त्रेचाळीस दिवस गेले. त्यातले निदान तीस दिवस मी अर्जात लिहिलेल्या एका चुकीमुळे गेले. ती चूक पुढे सांगते. तेव्हापासून असा अर्ज करायला येणाऱ्याला मी आधी पाणी देते आणि मग एकेक गोष्ट विचारत जाते. तेच इथे लिहिते आहे. दुकानापर्यंत न येणाऱ्यांच्याही हाती ते पडावं म्हणून.

चोवीस तास थांबायचं नाही

सगळ्यात आधी हे. "चोवीस तास झाल्याशिवाय मिसिंग घेत नाहीत" असं गावोगाव सांगितलं जातं. असा कुठलाही कायदा नाही. आमच्या वेळी ठाण्यातले एक जण म्हणाले होते, "येईल हो दोन दिवसांत, मोठा माणूस आहे." आम्ही घरी आलो, तिसऱ्या दिवशी परत गेलो. आज मी असं घरी येणार नाही, तुम्हीही येऊ नका.

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना ९ डिसेंबर २०२४ ला दुपारी टोलनाक्याजवळून उचलून नेलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा मृतदेह मिळाला. दुपार ते संध्याकाळ, एवढाच वेळ होता. चोवीस तासांचा हिशेब इथे कुठे बसतो? हरवलेला प्रत्येक जण संकटात असतो असं मी म्हणत नाही. माझ्याकडे आलेल्यांतले बरेच जण दोन-चार दिवसांत घरी आले. रागाने गेलेले, परीक्षेच्या निकालाला घाबरलेले, कर्जाने गांजलेले. पण तुमचं माणूस त्यांतलं आहे की दुसऱ्यांतलं, हे पहिल्या रात्री कुणालाच सांगता येत नाही. नोंद केली आणि माणूस आलं, तर "व्यक्ती मिळून आली" असा जबाब देऊन ती बंद करता येते. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

ठाण्यात जाण्याआधीचा एक तास

घरातल्या सगळ्यांनी एकदम ठाण्यात धावू नका. दोघं जा, एक जण घरी थांबा, एक जण फोनवर बसा.

फोनवर बसलेल्याने तालुक्याचं सरकारी हॉस्पिटल, जिल्ह्याचं सिव्हिल आणि हायवेच्या बाजूचे दवाखाने विचारून घ्यायचे. रेल्वेमार्ग जवळ असेल तर लोहमार्ग पोलिसांना वेगळं विचारायचं. त्यांची हद्द वेगळी आणि रजिस्टरही वेगळं. गावच्या ठाण्यात काही नाही म्हणजे रुळावर काही झालेलं नाही असा अर्थ होत नाही. रेल्वेची मदत १३९ वर, पोलिसांची ११२ वर. मूल हरवलं असेल तर १०९८.

घरी थांबलेल्याने त्या माणसाची खोली आवरायची नाही. हे बायकांना सांगावं लागतं, कारण पोलीस येणार म्हटलं की आपण आधी केर काढतो. गादीखालची चिठ्ठी, खिशातलं तिकीट, औषधाचं रिकामं पाकीट, कपाटातून कोणते कपडे गेले आणि कोणते राहिले, हे सगळं जागच्या जागी राहू द्या. आधार कार्ड, एटीएम, चार्जर नेलाय का ते फक्त बघा. चार्जर नेणारा माणूस आणि चष्मा घरी ठेवून गेलेला माणूस यांचा शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. दात घासायचा ब्रश आणि कंगवा कागदी पाकिटात घालून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट होतं. त्यांचा उपयोग पुढे पडू नये हीच इच्छा, पण पडलाच तर डीएनएसाठी लागतात.

आणि कॅमेरे. माणूस ज्या रस्त्याने गेलं असेल त्यावरचं किराणा दुकान, पेट्रोल पंप, सोसायटीचं गेट, एसटी स्टँड, एटीएम. दुकानदारांच्या कॅमेऱ्यांत साठवायची जागा कमी असते. बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात, जुन्यावर नवं चित्रण चढतं. काही ठिकाणी आठवड्यातच. आमच्या स्टँडवरचं चित्रण आम्ही विसाव्या दिवशी मागितलं, तेव्हा ते उरलं नव्हतं. दुकानदार ओळखीचा असेल तर त्याच रात्री विनंती करा, "दादा, एवढे दोन तास पुसू देऊ नका," आणि त्या दुकानाचं नाव अर्जात लिहा. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून घेतलं तर तुम्हाला दिशा मिळते. पण मूळ चित्रण पोलिसांनीच रीतसर ताब्यात घ्यायला हवं, नाहीतर ते कोर्टात टिकत नाही.

वर्णन: दादाची चप्पल

आता ती चूक सांगते.

अर्जात मी लिहिलं होतं: "वय ४४, उंची ५ फूट ६ इंच, वर्ण सावळा, बांधा सडपातळ, अंगात निळा शर्ट व काळी पँट, पायात चप्पल." अर्ज टाइप करून करून हात बसलेला, अर्ध्या मिनिटात झालं. निळा शर्ट वहिनीने सकाळी पाहिला होता. पण निघताना गारठा होता म्हणून दादाने राखाडी स्वेटर वरून चढवला होता. ते फक्त पुतण्याला माहीत होतं आणि त्याला कुणी विचारलंच नाही. तो अकरा वर्षांचा होता.

शेजारच्या जिल्ह्यात, हायवेच्या कडेला, आम्ही तक्रार दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक मृतदेह मिळाला होता. वाहनाने उडवलेलं. त्या ठाण्याच्या कागदावर लिहिलेलं होतं: "अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५५, अंगात राखाडी स्वेटर." वय अकरा वर्षांनी चुकलं, कारण चेहरा सुजला होता आणि दाढी वाढलेली. कपडा जुळेना. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते.

ओळखला तो चपलेवरून. जाण्याच्या आठवडाभर आधी दादाच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता. स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या मामांकडचा काळा दोरा संपला होता, म्हणून त्यांनी हिरव्या नायलॉनने सात-आठ टाके घातले. दादा माझ्या दुकानात येऊन पाय पुढे करून म्हणाला होता, "बघ, पोपट बसलाय." त्रेचाळीसाव्या दिवशी मी शेजारच्या जिल्ह्यातल्या ठाण्यात बेवारस मृतदेहांच्या फोटोंचं जाड रजिस्टर उलटत होते. चेहऱ्यावरून मी तो फोटो उलटून पुढे गेले होते. मग मागे आले. खालच्या कोपऱ्यात पाय होते.

म्हणून आता मी अर्ज करायला आलेल्याला निळा शर्ट की लाल शर्ट एवढ्यावर सोडत नाही. शर्टावर वरून काही होतं का? बटण बदललेलं आहे का? कॉलरला टेलरचं लेबल कोणतं? आत बनियन कुठल्या कंपनीचं? पायात काय, ते कुठे शिवलेलं किंवा घासलेलं? कमरेला करगोटा? गळ्यात, मनगटात, बोटात काय? गोंदण कुठे आणि त्यात कोणतं अक्षर? ऑपरेशनचा व्रण, मोडलेल्या हाडात घातलेला रॉड, पडलेला किंवा सोन्याचा दात, कानाची टोचलेली पाळी, चालताना येणारा झोक? आणि घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांसकट, वेगवेगळं विचारा. मुलांचं लक्ष असतं. फोटो हसरा, हळदीकुंकवातला नको. अलीकडचा, समोरून घेतलेला, चेहरा स्पष्ट दिसणारा एक आणि पूर्ण उभा असलेला एक.

मनाच्या आजारावर गोळ्या चालू असतील, विसरभोळेपणा असेल, दारू असेल, तर ते लपवू नका. आपल्याला वाटतं, बदनामी होईल. पण विस्मरण झालेले आजोबा लहानपणीच्या गावाच्या दिशेने चालत निघतात, हे लिहिलं तर शोधणारा तिकडे वळतो. रस्त्यावर भटकणारी मनोरुग्ण व्यक्ती दिसली तर तिला सरकारी दवाखान्यापर्यंत नेणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांचं कर्तव्य आहे. त्यामुळे येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर इथल्या मनोरुग्णालयांतही चौकशी करा. कर्जतजवळची डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था अशा लोकांना बरं करून त्यांच्या घरी पोचवण्याचंच काम करते. वर्षानुवर्षांनी घरी परतलेली माणसं तिथली आहेत.

ठाण्यात गेल्यावर

दोन शब्द नीट समजून घ्या: मिसिंग आणि गुन्हा. प्रौढ माणूस हरवलं की ठाण्यात "मनुष्य मिसिंग" म्हणून नोंद होते, तिला नंबर पडतो आणि चौकशीसाठी एक अंमलदार नेमला जातो. हा गुन्हा नव्हे. पळवून नेल्याचा, जिवाला धोका असल्याचा काही आधार असेल तरच गुन्हा दाखल होतो, म्हणजे एफआयआर. मिसिंगमध्ये चौकशी असते, गुन्ह्यात तपास असतो. तपासात अटक, झडती, जप्ती या सगळ्या वाटा उघडतात. म्हणून संशय असेल तर तो पहिल्याच अर्जात, नाव घेऊन, कारणासह लिहा. "आमचा कुणावर संशय नाही" हे वाक्य अर्जात सवयीने टाकलं जातं. मीही पूर्वी टाकायचे. खरंच नसेल तरच लिहा. नक्की माहीत नसेल तर "सध्या सांगता येत नाही" असं लिहा.

अठरा वर्षांच्या आतलं मूल असेल तर मात्र मिसिंगवर थांबायचं नाही. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ ला स्पष्ट सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हाच नोंदवायचा. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली अपहरण म्हणून दाखल होतो. मुलगी सतरा वर्षांची आहे आणि "स्वतःहून गेली असेल" असं कुणी म्हणालं तरीही.

हद्दीवरून परत पाठवलं जातं, हे दुसरं दुखणं. माणूस राहतं एका ठिकाणी, शेवटचं दिसलं दुसरीकडे, फोन बंद पडला तिसरीकडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. खबर ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. आणि गुन्हा घ्यायलाच नकार दिला, तर तेच कलम सांगतं की पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. अधीक्षकांना अर्ज पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अटही नाही.

अर्ज करताना दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, सही, तारीख, वेळ घ्या. वेळ लिहून घ्यायला विसरू नका. जबाब मराठीत वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. अंमलदाराचं नाव, बक्कल नंबर, मोबाइल आणि मिसिंगचा नंबर हे चार एका वहीत लिहा. त्या वहीत पुढे प्रत्येक फोन, प्रत्येक फेरी, तारखेनिशी लिहीत जा. ठाण्यातल्या लोकांशी भांडून काम होत नाही हेही सांगते. बंदोबस्त, समन्स, कोर्ट यांत ते बुडालेले असतात. पण दर तीन दिवसांनी शांतपणे जाऊन "साहेब, बिनतारी संदेश गेला का? कुठल्या कुठल्या जिल्ह्यांना गेला?" असं विचारणाऱ्या बहिणीचं प्रकरण मागे पडत नाही.

फोन, बँक आणि खोटे मेसेज

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि यात सगळ्यात जास्त चुका होतात.

हरवलेल्याचं सिम बंद करू नका. फोन चोरीला गेला असं सांगून तो ब्लॉकही करू नका. घरातले काळजीपोटी करतात आणि मग फोन पुन्हा चालू होण्याची, लोकेशन मिळण्याची वाटच बंद होते. उलट त्या नंबरवर रिचार्ज चालू ठेवा. कॉलचा तपशील मोबाइल कंपन्यांना किमान दोन वर्षं जपावा लागतो, पण तो फक्त पोलिसांना मिळतो, तुम्हाला नाही. "सीडीआर काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. तो बेकायदा आहे आणि कोर्टात फुकट जातो. घरात जो लॅपटॉप किंवा दुसरा फोन असेल त्यावर त्यांचं ईमेल उघडं असेल तर लॉगआउट करू नका. पोलिसांना तसंच दाखवा. बँकेत पासबुक भरून आणा, संयुक्त खातं असेल तर.

वसईची श्रद्धा वालकर आठवा. मे २०२२ मध्ये दिल्लीत मेहरौलीला तिचा खून झाला असं पोलिसांचं म्हणणं. घरच्यांशी बोलणं तुटलेलं होतं. तिचा फोन बरेच दिवस बंद आहे हे एका मित्राने सप्टेंबरमध्ये तिच्या भावाला सांगितलं, तेव्हा वडील वसईत पोलिसांकडे गेले आणि ऑक्टोबरमध्ये तक्रार झाली. मग तपास वळला तो तिच्या खात्यातून गेलेल्या पैशांमुळे आणि फोनच्या लोकेशनमुळे. ती मे महिन्यातच निघून गेली असं सांगणाऱ्या तिच्या जोडीदाराला, आफताब पूनावालाला, १२ नोव्हेंबर २०२२ ला अटक झाली. दिल्लीत साकेतच्या न्यायालयात खटला चालला आहे. आणि या सगळ्याच्या आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, तिने नालासोपाऱ्यात पोलिसांना लेखी दिलं होतं की तो मला मारून तुकडे करायची धमकी देतो. नंतर ती तक्रार मागे घेतली. तिच्या वडिलांचं फेब्रुवारी २०२५ मध्ये निधन झालं. मुलीचे अवशेष अंत्यविधीसाठी त्यांच्या हाती आलेले नव्हते. ती बातमी वाचली तेव्हा मी दुकान अर्ध्या दिवसाने बंद केलं.

यातून घ्यायचं ते असं. रुसलेल्या, दुरावलेल्या नातेवाइकाचाही महिन्यातून एकदा आवाज ऐका. फक्त मेसेजवर, स्टेटसवर समाधान मानू नका. शीना बोरा प्रकरणात, सीबीआयच्या म्हणण्यानुसार, एप्रिल २०१२ मध्ये तिचा खून झाल्यावरही तिच्या नावाने मेसेज गेले, नोकरीचा राजीनामा गेला, आणि ती परदेशी शिकायला गेल्याचं नातेवाइकांना सांगितलं गेलं. तीन वर्षं कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. तेव्हा मेसेज आला की उलट फोन करा, व्हिडिओ कॉल मागा, आणि घरच्यालाच माहीत असेल असं काहीतरी विचारा. लहानपणीच्या म्हशीचं नाव, आजीच्या हातची कुठली भाजी आवडायची. मेसेज आले असतील तर पुसू नका. शब्द लिहायची ढब माणसागणिक वेगळी असते, तीही तपासाला उपयोगी पडते.

मृतदेहांची रजिस्टरं

हे लिहायला जड जातं, पण टाळलं तर माझ्यासारखे त्रेचाळीस दिवस जातात.

कुठेही अनोळखी मृतदेह मिळाला की त्या हद्दीच्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, बोलीत तिला एडीआर म्हणतात. पंचनामा, फोटो, शवविच्छेदन होतं, कपडे-चपला जपून ठेवायच्या असतात, आणि ओळख पटली नाही तर काही दिवसांनी अंत्यविधी होतो. शीना बोराचे अवशेष मे २०१२ मध्येच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोदे खुर्दजवळ सापडले होते. तेव्हा गुन्हा दाखल झाला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये तिच्या आईच्या, म्हणजे या प्रकरणातल्या आरोपी इंद्राणी मुखर्जीच्या, चालकाला दुसऱ्याच प्रकरणात पकडलं तेव्हा धागा जुळला. मुंबईत एक मुलगी दिसत नव्हती आणि पेणजवळ हाडं मिळाली होती, मधे तीन वर्षं गेली.

म्हणून तुमचा अर्ज फक्त तुमच्या ठाण्यात राहू देऊ नका. शेजारच्या प्रत्येक जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आणि लोहमार्ग पोलिसांत स्वतः जा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या व्यक्तींची आणि अनोळखी मृतदेहांची माहिती असते, ती दर आठवड्याला बघा. बघायला आईला बसवू नका. शवागारात जायचं झालं तर दोघांनी जा, आणि चेहऱ्याआधी कपडे, पाय, हात, गोंदण बघायला मागा. चेहरा बदलतो. दादाचा बदलला होता. खात्री पटत नसेल तर "आमचंच आहे" म्हणून सही करू नका, डीएनए मागा. त्यासाठी आई, वडील किंवा मुलं यांचं रक्त सगळ्यात उपयोगाचं. भावंडांपुरतं थांबावं लागलं तर निष्कर्ष तितका ठाम येत नाही.

पोस्टर आणि बातमी

पोस्टरवर घरचा नंबर टाकू नका. नवं सिम घ्या, त्याचा आणि ठाण्याचा नंबर टाका. चपलेच्या टाक्यासारखी एक खूण मुद्दाम पोस्टरवर टाकू नका. ती अर्जात असू द्या. "तुमचं माणूस आमच्याकडे आहे, वीस हजार पाठवा" असा फोन येतोच. तेव्हा ती खूण विचारा. आम्हाला असे चार फोन आले होते. एकाला वहिनीने मंगळसूत्र मोडून पैसे पाठवले.

प्रकरण गाजलं तर टीव्हीवाले येतील. संशयिताचं नाव कॅमेऱ्यासमोर घेऊ नका, जबाबात घ्या. बातमीत "आरोपीने कबुली दिली" असं आलं म्हणून हातपाय गाळू नका आणि निर्धास्तही होऊ नका. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा होत नाही. अटक म्हणजे शिक्षा नव्हे, दोषारोपपत्र म्हणजे निकाल नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला आणि निकाल आला १० मे २०२४ ला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत अकरा वर्षं लागली. खटल्याची पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकला की दिसते. तो नंबर वकिलाकडून मागून वहीत लिहा.

पाठपुरावा

गुन्हा दाखल झाला असेल तर ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर त्या कलमाचं नाव घालून लेखी विचारा. मिसिंगवरच प्रकरण अडलं असेल आणि संशयाला आधार मिळाला असेल, तर गुन्हा नोंदवण्यासाठी नवा अर्ज करा. जुन्याच अर्जावर बसून राहू नका. तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे द्यावा म्हणून अधीक्षकांना भेटा. कुणी डांबून ठेवल्याचा संशय असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे त्या माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी मागणी, करता येते. आमच्या सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे.

थकलेली माणसं दुकानात येतात तेव्हा मी त्यांना अश्विनी बिद्रे-गोरे यांचं प्रकरण सांगते. त्या स्वतः पोलीस दलात सहायक निरीक्षक होत्या. एप्रिल २०१६ मध्ये नवी मुंबईतून बेपत्ता झाल्या. संशय होता तो अभय कुरुंदकर या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर. आधी मिसिंग, मग २०१७ च्या सुरुवातीला अपहरणाचा गुन्हा, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अटक. मृतदेह शेवटपर्यंत मिळाला नाही. तरी पती आणि माहेरची माणसं अर्ज करत राहिली, न्यायालयात जात राहिली. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकरला खुनासाठी जन्मठेप दिली. नऊ वर्षं. मृतदेह नसतानाही शिक्षा होऊ शकते, कारण फोनचे टॉवर, साक्षी, मेसेज, माणसांच्या हालचाली हे सगळं जोडता येतं. पण जोडायला ते जपलेलं असावं लागतं.

सात वर्षं

काही माणसं सापडतच नाहीत. त्यांच्या घरच्यांना पेन्शन, विमा, जमीन, मुलीचं कन्यादान, सगळीकडे एक कोरी जागा आडवी येते. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना सात वर्षं ज्या माणसाबद्दल काहीच ऐकू आलं नाही, ते हयात नाही असं कायदा धरतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १११. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावून तसं ठरवून घ्यावं लागतं. तिथे पहिला प्रश्न येतो: केव्हापासून बेपत्ता आणि त्याला पुरावा काय?

मागच्या पावसाळ्यात एक बाई आल्या. नवरा ट्रकवर गेला तो गेला, आठ वर्षं झालेली. दावा करायचा की नाही यावर घरात दोन वर्षं भांडण चाललेलं, सासूबाई "जिवंत माणसाला मारता काय" म्हणत होत्या. शेवटी सासूबाईच सोबत आल्या होत्या, बाहेर बाकावर बसल्या. मी विचारलं, "मिसिंगची प्रत आहे का?" बाईंनी रेशन कार्डाच्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. घड्यांवर फाटलेला, शिक्का जांभळट फिका झालेला. पण नंबर, तारीख आणि वेळ वाचता येत होती. मी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या, मूळ कागद परत त्यांच्या पिशवीत ठेवला, आणि दाव्याचा मसुदा टाइप करायला घेतला.